रक्ताच्या एका नळीत प्रोस्टेट कॅन्सर सापडतो का?

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. वय ८२, ग्लीसन स्कोअर ९ आणि आजार हाडांपर्यंत पोचलेला. ज्या माणसाच्या दिमतीला चोवीस तास डॉक्टर होते, त्याचं निदान या टप्प्यावर कसं झालं, असा प्रश्न जगभर विचारला गेला. त्यांच्या कार्यालयाने सांगितलं की त्यांची शेवटची पीएसए तपासणी २०१४ साली झाली होती. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीचा मसुदा आला. त्यात म्हटलं होतं की सगळ्या पुरुषांची सरसकट पीएसए तपासणी करू नये. ज्यांच्या बीआरसीए जनुकांत दोष आहे अशा ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांना मात्र दर दोन वर्षांनी बोलवावं.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की कोणीही गोंधळेल. तपासणी केली नाही म्हणून उशीर झाला म्हणायचं, आणि तपासणी सगळ्यांची करू नका असंही म्हणायचं! या गोंधळात तिसरी बातमी भाव खाऊन जाते, ती म्हणजे "पीएसएपेक्षा अचूक रक्ततपासणी आली, कॅन्सरच्या पेशी थेट रक्तात पकडणार, बायोप्सीची गरज नाही". ही बातमी मोबाइलवर दाखवत "डॉक्टर, बाबांची ही करून घेऊ का?" असं विचारणारी मुलं आता माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. ही तपासणी काय आहे, ती कुठे सिद्ध झाली आहे आणि कुठे नाही, आणि तुमच्या घरातल्या माणसासाठी तिचा आज काय उपयोग, हे या लेखात सांगतो.

पीएसएचं दुखणं

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिथेच तयार होणारं प्रथिन, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. अमेरिकेच्या एफडीएने ही तपासणी १९८६ साली आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मान्य केली आणि १९९४ साली कॅन्सर शोधायला मदत म्हणून. अडचण अशी की पीएसए प्रोस्टेटचं आहे, कॅन्सरचं नाही. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी आकडा वर जातो. आकडा वाढलेल्या चारपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतोच. उलट बाजूही आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली, तर सुमारे १५ टक्के जणांत कॅन्सर निघाला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती वारंवार राहून जाते. लघवीच्या त्रासासाठी बरेच आजोबा वर्षानुवर्षं ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असलेली गोळी घेत असतात. या औषधाने सहाएक महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टवर ३ दिसलं तर मनात ६ धरायचं. लॅबच्या कागदावर "नॉर्मल" छापलेलं असतं आणि सगळे निश्चिंत होतात. वडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं आजच वाचून घ्या.

तर पीएसएवर भरवसा कमी आणि बायोप्सीची भीती जास्त. मधल्या या जागेसाठी जगभर चांगल्या तपासणीचा शोध चालू आहे आणि रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी, म्हणजे सीटीसी, हे त्यातलं सगळ्यात आकर्षक नाव आहे.

कल्पना दीडशे वर्षं जुनी, तंत्र नवं

१८६९ साली थॉमस ॲशवर्थ या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरने कॅन्सरने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्या आणि त्याची नोंद केली. कॅन्सर एका अवयवातून दुसरीकडे कसा जातो, याचं उत्तर त्यात होतं. गाठीतून पेशी सुटतात, रक्तात उतरतात, त्यांतली एखादी दूर कुठेतरी, प्रोस्टेटच्या बाबतीत बहुतेकदा हाडात, मुक्काम ठोकते.

या पेशी शोधणं मात्र महाकठीण. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि काही दशलक्ष पांढऱ्या. कॅन्सर शरीरभर पसरलेला असला तरी त्यांच्यामध्ये कर्कपेशी असते एखाद-दुसरी, किंवा तीही नाही. धान्याच्या कोठारात एक वेगळा दाणा शोधण्यासारखं हे काम आहे.

ते दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात कर्कपेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटणारे सूक्ष्म लोहकण रक्तात मिसळतात आणि चुंबकाने त्या पेशी ओढून घेतात. मग ती पांढरी पेशी तर नाही ना, हे वेगळ्या रंगखुणांनी तपासतात. दुसऱ्या प्रकारात रक्त अतिशय अरुंद फटींतून सोडतात. रक्तपेशी लहान आणि लवचिक असल्याने निघून जातात, कर्कपेशी मोठ्या आणि ताठर असल्याने अडकतात. दोन्हींत उणिवा आहेत. सुटून निघालेल्या काही कर्कपेशी जणू वेश बदलतात, त्यांच्यावरचं एपकॅम कमी होतं आणि त्या चुंबकाला दाद देत नाहीत. काही पेशी आकाराने लहानच असतात, त्या फटीतून निसटतात.

जिथे ही तपासणी खरी ठरली आहे

पहिल्या प्रकारची सेलसर्च ही तपासणी एफडीएने स्तनांच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी २००४ साली आणि प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी २००८ साली मान्य केली. साडेसात मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि त्यात किती कर्कपेशी आहेत ते मोजायचं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले रुग्ण असे होते की त्यांचा आजार पसरलेला होता आणि हार्मोन कमी करणारे उपचार पुरेसे पडेनासे झाले होते. उपचाराआधी ज्यांच्या नळीत ५ पेक्षा कमी पेशी होत्या ते सरासरी २१.७ महिने जगले, ज्यांच्यात ५ किंवा अधिक होत्या ते ११.५ महिने. (इथे सरासरी म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. हा आकडा कोणा एका माणसाचं भविष्य नाही.) उपचार सुरू केल्यावर पेशींची संख्या ५ च्या खाली आली तर ती चांगली खूण ठरली.

पुढे या पेशी नुसत्या मोजण्याऐवजी त्यांच्या आत डोकावायला सुरुवात झाली. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तातल्या कर्कपेशींत एआर-व्ही७ नावाचा बदल आहे त्यांच्यावर एन्झाल्युटामाइड आणि अबिराटेरोन ही महागडी औषधं जवळपास चालत नाहीत. अशा रुग्णाला वेळ न घालवता केमोथेरपीचा विचार करता येतो. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला सर्वांत खरा फायदा हा वाटतो. औषध लागू पडणार नाही हे आधी कळलं तर पैसा वाचतो आणि त्याहून मोलाचे महिने वाचतात.

पण नीट पाहा. वरच्या सगळ्या रुग्णांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत होतं. प्रश्न होता पुढे काय होईल आणि कोणतं औषध द्यायचं हा. "कॅन्सर आहे की नाही" हा प्रश्न तिथे नव्हताच.

जिथे अजून वाद आहे

कॅन्सर प्रोस्टेटच्या आतच असताना रक्तात पेशी फारच कमी असतात. २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सेलसर्च वापरून असं पाहिलं, तर प्रोस्टेटपुरत्या कॅन्सरच्या रुग्णांत साधारण पाचातल्या एकाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या. आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला नव्हता अशा पुरुषांत? तिथेही साधारण पाचातल्या एकाच्या. म्हणजे निदानासाठी ती पद्धत निरुपयोगी. निरोगी माणसाच्या किंवा नुसती सूज असलेल्या माणसाच्या रक्तातही कर्कपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी कधी कधी मिळतात, ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे.

त्यानंतर तंत्र सुधारलं, हे मान्य करायला हवं. २०१९ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या गटाने फटींतून गाळण्याची पद्धत वापरली. बायोप्सीच्या आधी ९८ जणांचं आणि नव्याने निदान झालेल्या १५५ जणांचं रक्त तपासलं. सीटीसी आणि पीएसए एकत्र पाहिले तर पुढच्या बायोप्सीत आक्रमक कॅन्सर निघणार का, हे ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता आलं, असं त्यांनी प्रसिद्ध केलं. मथळा मोठा झाला. पण रुग्ण एका रुग्णालयातले आणि संख्या शेकड्यांत. अशा निकालावरून पुढचा मोठा अभ्यास आखायचा असतो, दवाखान्यातली पद्धत बदलायची नसते.

आणि आता आपल्या जवळची बातमी. २०२२ साली एफडीएने नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीच्या, प्रोस्टेटचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर ओळखण्यासाठीच्या रक्ततपासणीला "ब्रेकथ्रू डिव्हाइस" असा दर्जा दिला. ही तपासणीही रक्तातल्या कर्कपेशींवरच आधारलेली आहे. नाशिकमधल्या प्रयोगशाळेचं नाव तिथपर्यंत जावं याचा आनंद आहेच. पण या दर्जाचा अर्थ बऱ्याच लोकांनी "अमेरिकेने मान्यता दिली" असा घेतला आणि तो चुकीचा आहे. जीवघेण्या आजारावर जे साधन अधिक परिणामकारक ठरू शकेल असं वाटतं त्याला हा दर्जा मिळतो. त्याने कंपनीला एफडीएशी लवकर आणि वारंवार चर्चा करता येते, अर्जाला प्राधान्य मिळतं. साधन सुरक्षित आणि उपयोगी आहे हे सिद्ध करण्याची अट मात्र तशीच राहते. परीक्षेला बसायचं हॉलतिकीट मिळणं आणि पास होणं, एवढा फरक त्यात आहे. जाहिरातीत किंवा एजंटच्या तोंडी हा शब्द आला तर हे लक्षात ठेवा, मग तपासणी कोणत्याही कंपनीची असो.

९० टक्के अचूक म्हणजे नेमकं काय?

हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण तो समजला तर पुढची दहा वर्षं कोणतीही "नवी रक्ततपासणी" तुम्हाला सहज फसवू शकणार नाही.

समजा १००० पुरुष आहेत, पन्नाशी-साठीचे, कसलाही त्रास नसलेले. त्यांत १० जणांना खरोखर महत्त्वाचा, उपचार लागेल असा कॅन्सर आहे. तपासणी चांगली आहे असं धरू. १० पैकी ९ जणांना ती पकडते आणि निरोगी १०० जणांपैकी फक्त ५ जणांना चुकून "पॉझिटिव्ह" म्हणते. आता मोजा. खरे रुग्ण पकडले ९. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जण विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण ५९ घरांत रडारड, त्यांतल्या ९ जणांनाच कॅन्सर. पॉझिटिव्ह रिपोर्ट आलेल्या सहा-सात जणांमागे एक.

हीच तपासणी पीएसए आधीच वाढलेल्या १००० जणांवर वापरा. त्यांत २५० जणांना कॅन्सर आहे असं धरलं तर २२५ पकडले जातील आणि निरोगी ७५० पैकी सुमारे ३८ चुकून पॉझिटिव्ह येतील. आता पॉझिटिव्ह रिपोर्टला बराच अर्थ आला. पण निगेटिव्ह आलेल्या ७३७ जणांत २५ जणांना कॅन्सर असूनही "सुटलो" असं वाटेल. तपासणी तीच, रक्त घेण्याची पद्धत तीच, माणसं वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. माझा अंदाज असा की सीटीसी तपासणीची जागा ठरली तर ती इथे ठरेल, पीएसए वाढलेल्या माणसाला बायोप्सीची गरज किती हे ठरवण्यात. धडधाकट माणसाच्या "फुल बॉडी चेकअप"मध्ये नाही.

यात आणखी एक मेख आहे. अशा तपासण्यांचे सुरुवातीचे अभ्यास बहुतेकदा एका बाजूला पक्कं निदान झालेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं घेऊन केलेले असतात. या दोघांत फरक करणं सोपं. खरी कसोटी असते ती मधल्या माणसाची. वय ६५, ग्रंथी वाढलेली, लघवीत अधूनमधून संसर्ग, पीएसए ६. दवाखान्यात तोच येतो. त्याच्यासारख्या हजारो लोकांवर, तपासणी विकसित करणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास हवा.

सगळे कॅन्सर सापडणं हेसुद्धा ध्येय नाही

हे वाक्य कुटुंबीयांना पटवणं मला सगळ्यात अवघड जातं. प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासोबत जगून दुसऱ्याच कारणाने जातो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात प्रोस्टेटपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर नुसती नियमित नजर ठेवली. १५ वर्षांनी, २०२३ साली, निकाल आला. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झाला तो तिन्ही गटांत मिळून सुमारे ३ टक्के लोकांचा, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटणं आणि लैंगिक क्षमता जाणं हे मात्र अनेकांच्या वाट्याला येतं.

दुसरीकडे, तपासणीचा उपयोगच नाही असंही नाही. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. पीएसए तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. ४५६ जणांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. ब्रिटनच्या समितीने नकार दिला तो या दोन पारड्यांचं वजन करून, आळसाने नाही. म्हणून नव्या रक्ततपासणीला विचारायचा प्रश्न "कॅन्सर सापडतो का?" हा नाही. "जीव घेणारा कॅन्सर वेगळा ओळखता येतो का?" हा आहे. लंडनचा गट आक्रमक कॅन्सरबद्दल बोलत होता, ते याच कारणाने.

"सुई लावली की पसरतो"

आता ज्या भीतीवर ही सगळी जाहिरात उभी आहे तिच्याकडे येऊ. "बायोप्सी केली आणि मग वाढलंच" असं सांगणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक कुटुंबात असतो. आणि सीटीसीच्या संशोधनातून या भीतीला खतपाणी मिळेल अशी एक खरी गोष्टही पुढे आली आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. प्रोस्टेटच्या बायोप्सीनंतर काही रुग्णांच्या रक्तात कर्कपेशी तात्पुरत्या वाढलेल्या दिसतात. सुईने ऊती हलते, काही पेशी रक्तात जातात.

पण रक्तात पेशी जाणं म्हणजे कॅन्सर पसरणं नव्हे. रक्तप्रवाह हा अशा पेशींसाठी फार वाईट मुलूख आहे. दाब, आदळआपट, प्रतिकारशक्तीच्या पेशींचे हल्ले. बहुतेक कर्कपेशी रक्तात काही तासही टिकत नाहीत. नव्या जागी रुजायची कुवत त्यांतल्या अगदी मोजक्या पेशींत असते. तशा पेशी ज्या गाठीत आहेत ती गाठ त्या सुईविनाही रोज रक्तात सोडतच असते. प्रोस्टेटची बायोप्सी गेली अनेक दशकं जगभर लाखो पुरुषांवर होत आली आहे आणि तिच्यामुळे आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. सुईच्या वाटेवर गाठ रुजण्याची उदाहरणं अतिशय दुर्मिळ आहेत. मग "बायोप्सीनंतर वाढलं" असं का वाटतं? बहुतेकदा बायोप्सी होते तेव्हाच आजार पुढे गेलेला असतो आणि त्याचं नाव घरच्यांना पहिल्यांदा त्या रिपोर्टने कळतं.

बायोप्सीचे खरे धोके वेगळे आहेत. जंतुसंसर्ग, लघवीतून किंवा वीर्यातून काही दिवस रक्त, क्वचित लघवी तुंबणं. गुदद्वाराच्या मार्गाऐवजी गुदद्वार आणि वृषणांमधल्या त्वचेतून सुई घातली तर संसर्गाचा धोका कमी असतो. ही सोय आहे का, हे यूरॉलॉजिस्टना विचारा.

आणि बायोप्सी देते ते रक्ततपासणी देऊ शकत नाही. ग्लीसन स्कोअर ठरतो तो पेशींची रचना पाहून, ग्रंथी कशा मांडलेल्या आहेत, किती विस्कटल्या आहेत यावरून. रक्तात सुटी फिरणारी पेशी ही एक वीट आहे, विटेवरून घराचा नकाशा कळत नाही. गाठ ग्रंथीत कुठे आहे, बाहेरचं आवरण ओलांडलं आहे का, हेही रक्त सांगत नाही. म्हणून सीटीसीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी ऑपरेशन किंवा रेडिएशन ठरवण्याआधी बायोप्सी लागतेच, आणि निगेटिव्ह आला तरी पीएसए वाढलेला असेल तर प्रश्न संपत नाही.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. पीएसए ११, एमआरआयमध्ये संशयास्पद भाग, तरी "रक्तात काही नाही" असा खासगी लॅबचा रिपोर्ट घेऊन ते सहा महिने निवांत होते. मुलीने आग्रह धरला म्हणून बायोप्सी झाली. कॅन्सर निघाला, सुदैवाने ग्रंथीच्या आतच होता, उपचार चालू आहेत. त्या रिपोर्टवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही तपासणी निदानाला पर्याय नाही. ती ओळ घरात कोणीच वाचली नव्हती.

आज तुम्ही काय करायचं

त्रास नसलेल्या ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने पीएसए करायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून, फायदे-तोटे समजून ठरवावं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाचा २०१८ चा सल्लाही असाच आहे. सत्तरीनंतर त्रास नसताना सरसकट तपासणी तो गट सुचवत नाही. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, किंवा घरात स्तन-अंडाशयाचे कॅन्सर अनेकांना झाले असतील, तर हा विषय आधीच, पंचेचाळीसच्या आसपास, काढा. लक्षणांची वाट पाहू नका, कारण सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा लक्षणं नसतात. रात्री चार वेळा उठावं लागणं हे बहुतेकदा साध्या ग्रंथीवाढीचं असतं. ते दाखवायला हवंच, पण घाबरून नको.

पीएसए वाढलेला आला तर पहिल्याच कागदावर काही ठरवू नका. लघवीची तपासणी करा, संसर्ग असेल तर उपचारानंतर सहाएक आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा. दोन दिवस आधी सायकल चालवणं आणि शरीरसंबंध टाळा. पुन्हा वाढलेलाच असेल तर यूरॉलॉजिस्ट आणि मग एमआरआय. बायोप्सीच्या आधी एमआरआय केल्याने साधारण चारातल्या एका पुरुषाची बायोप्सी टळू शकते, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. बायोप्सी टाळायचा सिद्ध मार्ग हवा असेल तर तो आज हा आहे. सीटीसीसाठी बाजूला काढलेले पैसे एमआरआयला लावा, असं मी स्पष्ट सांगतो.

तरीही कोणी सीटीसी किंवा "लिक्विड बायोप्सी" सुचवली, तर एवढंच विचारा: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय वेगळं करणार? दोन्हींचं उत्तर "एमआरआय आणि बायोप्सी" असेल तर तपासणीने काहीच बदललं नाही. आणि उत्तर "निगेटिव्ह आला तर काही करायचं नाही" असं असेल तर दुसऱ्या यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. एकाच नळीत अनेक कॅन्सर शोधणाऱ्या तपासण्यांबद्दलही सावध राहा. त्यांतल्या सगळ्यात गाजलेल्या अमेरिकी तपासणीच्या अभ्यासात प्रोस्टेटचे फक्त ११ टक्के कॅन्सर सापडले होते. प्रोस्टेटची गाठ रक्तात आपल्या खुणा फार कमी सोडते.

ज्यांच्या घरी पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी चित्र वेगळं आहे. तिथे रक्तावरच्या तपासण्यांना खरा अर्थ आहे, फक्त त्या ऑन्कॉलॉजिस्टच्या सल्ल्याने, उपचार बदलायच्या वळणावर कराव्यात. उत्साहाच्या भरात दर महिन्याला पेशी मोजत बसू नये. अशा रुग्णाला अचानक पायांत कमजोरी आली, पाठ असह्य दुखू लागली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि तासांचा उशीरही पायांची ताकद कायमची घेऊन जातो.

अशा रुग्णाच्या बाबतीत एक तपासणी मी आग्रहाने विचारायला सांगेन, ती म्हणजे बीआरसीएसारख्या जनुकांची. ती रक्त, लाळ किंवा गाठीच्या तुकड्यावरून होते. दोष सापडला तर ओलापारिबसारखं औषध देता येतं. आणि तो दोष जन्मजात असेल तर रुग्णाच्या प्रत्येक मुला-मुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलासाठी त्याचा अर्थ लवकर सुरू करायची पीएसए. मुलीसाठी अर्थ आहे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका, ज्यावर वेळेत करण्यासारखं बरंच काही आहे. वडिलांची फाइल घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा हा प्रश्न बहिणीलाही सोबत नेऊन विचारा.